वर्गणी कशाची : अंकाची की प्रवेशाची?

ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात नियतकालिकांच्या वर्गणीची बाब सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. इमारतीची दुरुस्ती, सेवकांचे वेतन, ग्रंथखरेदी यांवर कार्यकारिणीत तासन्‌तास चर्चा होते. नियतकालिकांची यादी मात्र 'मागील वर्षाप्रमाणे' या दोन शब्दांवर संमत होत आली आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे दोन शब्द पुरेनासे झाले. विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय असो, महाविद्यालयाचे बेताचे असो किंवा एखाद्या मराठी मंडळाचे वाचनालय असो, वर्ष सरताना एक प्रश्न समोर येतोच: अंक कागदावर घ्यावेत, संगणकाच्या पडद्यावर घ्यावेत, की दोन्ही?

या प्रश्नाचा निकाल बहुतेक ठिकाणी तीन मापांनी लावला जातो. पहिले किंमत, दुसरे जागा आणि तिसरे सोय. ही तिन्ही मापे रास्त आहेत आणि ती सोडून देण्याइतके पैसे कोणत्याच ग्रंथालयाकडे नसतात. परंतु आणखी दोन मापे यात बाजूला राहून जातात. वर्गणी थांबेल त्या दिवशी ग्रंथालयाच्या हाती काय उरेल, हे एक. आणि दाराशी आलेल्या कोणत्या वाचकाला ते वाचता येईल, हे दुसरे. ही दोन मापे लावली तर आज सर्रास होणारे अनेक निर्णय निराळे होतील, असे आमचे मत आहे. ज्यांची नियतकालिके थोडी, वाचक विखुरलेले आणि कपाटे जुनी, अशा आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाला तर ही मापे टाळून चालणारच नाही.

विद्वानांचे नियतकालिक ही संस्था 1665 सालची. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसला 'ज्यूर्नाल दे साव्हाँ' आणि मार्चमध्ये लंडनला 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' निघाले. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' हे मासिक 1840 चे. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत वर्गणीचा व्यवहार सरळ होता. पैसे आगाऊ भरावेत, अंक टपालाने यावा, तो नोंदवहीत चढवावा, वर्ष पुरे झाले की अंकांची बांधणी करून खंड फडताळात लावावा. पुढे वर्गणी बंद पडली, प्रकाशकाचे दिवाळे निघाले किंवा संपादक निवर्तले, तरी आलेले खंड ग्रंथालयाचेच राहत. ग्रंथालय वाचकाला ते घरी देई, दुसऱ्या ग्रंथालयाला उसने देई, आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकासाठी राखून ठेवी. यासाठी कोणाचीही परवानगी लागत नसे.

तथापि कागदी अंक स्वस्त असतो ही समजूत अर्धीच खरी. न आलेल्या अंकासाठी स्मरणपत्रे पाठवावी लागतात, बांधणीचा खर्च येतो, फडताळे कमी पडतात, कसर आणि वाळवी यांच्याशी झगडावे लागते. एका वेळी एकच वाचक अंक हाती धरू शकतो. नेमके हवे ते पान कोणी फाडून नेले असेल तर सगळा खंड असून नसल्यासारखा होतो. कागदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा हिशेब लपवू नये.

इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांच्या प्रसारामागे ही जागेची अडचणही होती. अमेरिकेत 1995 साली मेलन प्रतिष्ठानच्या साहाय्याने 'जेस्टोर' ही संस्था उभी राहिली ती प्रामुख्याने जुन्या खंडांचा भार ग्रंथालयांच्या फडताळांवरून उतरवण्यासाठी. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांचे पहिल्या अंकापासूनचे खंड तिने संगणकावर आणले. प्रकाशकांची चालू वर्गणी बुडू नये म्हणून अलीकडच्या काही वर्षांचे अंक मागे ठेवण्याची 'सरकती भिंत' तिने घातली. ही रचना विचारपूर्वक केलेली होती: जुने ते पडद्यावर, चालू ते वर्गणीदाराच्या हाती.

त्याच सुमारास व्यापारी प्रकाशकांनी निराळी वाट धरली. 1996 पासून अकॅडेमिक प्रेसने आपली सर्व नियतकालिके एकत्र बांधून ग्रंथालयांच्या समूहांना देऊ केली आणि पाठोपाठ इतर मोठे प्रकाशक त्या वाटेने गेले. ग्रंथालय आजवर ज्या शंभर नियतकालिकांचे पैसे भरत होते त्यात थोडी भर घातली की प्रकाशकाची हजारभर नियतकालिके पडद्यावर खुली. सौदा मोठा आकर्षक होता. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रंथालयांचे संचालक केनेथ फ्रेझर यांनी 2001 साली एका लेखात त्याला 'बिग डील' असे नाव दिले आणि ग्रंथपालांना सावध केले. एकेक नियतकालिक पारखून घेण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार ग्रंथालय या सौद्यात गमावते, आणि एकदा वाचकांना सवय लागली की प्रकाशक म्हणेल ती किंमत द्यावी लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. किराणा दुकानदाराने 'साखर हवी असेल तर सगळे दुकानच महिन्याच्या बोलीने घ्या' म्हणावे, तसा हा प्रकार. घर भरलेले दिसते. पण महिना संपला आणि पैसे दिले नाहीत, तर साखरेचा डबासुद्धा परत जातो.

येथे वर्गणी या शब्दाचा अर्थच पालटला, हे लक्षात घेतले पाहिजे. पूर्वी आपण अंक विकत घेत होतो. आता ठरावीक मुदतीपुरता प्रवेश घेतो. पहिली खरेदी होती, दुसरे भाडे आहे. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही; पण भाडेकरूने आपण मालक आहोत असे समजून जुने घर मोडून टाकू नये. अनेक ग्रंथालयांनी नेमके तेच केले. पडद्यावर सर्व मिळते म्हणून कागदी संच रद्दीत घातले आणि करारात 'कायमचा प्रवेशहक्क' आहे की नाही, हे कलम वाचायचे राहून गेले.

या कलमाचे मोल कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उदाहरणावरून कळते. नियतकालिकांच्या किमती किती वाढल्या याचा बोभाटा आधीच झाला होता. 2012 साली हार्वर्डसारख्या धनाढ्य विद्यापीठाच्या अध्यापक-समितीने जाहीर केले की, काही मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांवर होणारा वर्षाचा खर्च 37.5 लाख डॉलरच्या घरात गेला असून तो पेलणे अशक्य झाले आहे. दोन पुरवठादारांच्या इलेक्ट्रॉनिक मजकुराची किंमत सहा वर्षांत सुमारे 145 टक्क्यांनी वाढली होती. पुढे फेब्रुवारी 2019 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने एल्सव्हिअर या प्रकाशकाशी चाललेली बोलणी मोडली. हा करार वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक रकमेचा होता. दोन वर्षे विद्यापीठाने कराराविना काढली आणि मार्च 2021 मध्ये नवा करार केला, ज्यात आपल्या प्राध्यापकांचे लेख सर्व जगाला विनामूल्य वाचता यावेत ही अट मान्य करून घेतली.

विद्यापीठाला दोन वर्षे ताठ उभे राहता आले याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. 2018 पर्यंतच्या बहुतेक लेखांवर त्याचा कायमचा हक्क होता. प्रकाशकाला फक्त नवे बंद करता आले, जुने काढून घेता आले नाही. उरलेली गरज इतर ग्रंथालयांकडून उसनवार घेऊन भागवता आली. ज्याच्या कोठारात गेल्या सालचे धान्य आहे त्यालाच बाजारात भावासाठी थांबता येते. जे ग्रंथालय निव्वळ भाड्यावर आहे त्याला ही ऐपत नसते. त्याने वाटाघाटीला बसण्यापूर्वीच हार मानलेली असते.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांनी जे भले केले ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तंत्रशिक्षण संस्थांसाठी 2003 साली 'इंडेस्ट' हा सामाईक खरेदीसंघ निघाला. विद्यापीठांसाठी 2004 पासून 'यूजीसी-इन्फोनेट' सुरू झाले. पुढे अनुदानित महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' आले, आणि 2015 मध्ये हे प्रवाह 'ई-शोधसिंधु' या नावाखाली एकत्र झाले. या योजनांपूर्वी जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात परदेशी नियतकालिकाचा एक अंकदेखील दृष्टीस पडत नसे. तेथील अध्यापकाला एका लेखासाठी मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागे. ती पायपीट थांबली, हे उपकार लहान नाहीत.

या वाटेचा सर्वांत मोठा टप्पा म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी तिला मान्यता दिली. 2025, 2026 आणि 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 हून अधिक शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्था आणि सुमारे 1.8 कोटी विद्यार्थी-अध्यापक-संशोधक, असा तिचा पसारा. गांधीनगरचे 'इन्फ्लिबनेट' केंद्र तिचा कारभार पाहते. वर्षाला 2,000 कोटी म्हणजे दर माणशी साधारण 1,100 रुपये पडतात. परदेशी विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच कागदी वर्गणीला काय पडते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा भाव वावगा वाटणार नाही. देशाने एकजुटीने सौदा करावा हे तत्त्वही बरोबर आहे.

मात्र आमची दोन मापे येथे लावून पाहू. पहिले: वर्गणी थांबली की काय उरते? मुदत 2027 च्या अखेरपर्यंतची. तीन वर्षांत 6,000 कोटी रुपये खर्चून देशाच्या ग्रंथालयांत त्या तीन वर्षांचे लेख कायमचे राहतील की नाही, हा प्रश्न योजनेच्या स्वागतलेखांत फारसा कोणी विचारला नाही. किती संस्था आणि किती लाभार्थी यांचे आकडे सर्वत्र छापून आले. त्या आकड्यांइतक्याच ठळकपणे हे उत्तर लोकांपुढे यायला हवे होते.

दुसरे माप: कोणता वाचक आत येऊ शकतो? योजना शासकीय संस्थांतील विद्यार्थी-अध्यापकांसाठी आहे. खासगी महाविद्यालये तिच्या पहिल्या टप्प्यात आली नाहीत. निवृत्त शिक्षक, वकिली सांभाळून इतिहास धुंडाळणारा गृहस्थ, घर सांभाळून लोकगीते गोळा करणाऱ्या बाई, यांना तर सभासद-क्रमांकच नाही. कागदी अंकाच्या काळात असा वाचक विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन, ग्रंथपालांना नमस्कार करून, खंड मागून घेऊन टिपणे काढीत बसू शकत असे. आता खंड कपाटात नाही, पडद्यावर आहे. आणि पडद्याला परवलीचा शब्द आहे. ग्रंथपाल कितीही सज्जन असले तरी करार त्यांचे हात बांधतो. काही करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष आलेल्या वाचकाला वाचू देण्याची सवलत असते. ती मागून घेणे आणि दाराशी तसा फलक लावणे, हे ग्रंथालयांच्या हाती आहे.

हा मुद्दा आम्ही मोठा मानतो, कारण मराठी विद्या ही बहुतांशी अशाच बिगरविद्यापीठी माणसांनी उभी केली आहे. वि. का. राजवाडे कोणत्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते; 1910 साली पुण्यात ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली, ते पदवीधरांपुरते मर्यादित नव्हते. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी सयाजीराव महाराजांच्या नोकरीत बडोद्यास सुमारे तीन तपे काढली आणि 'मराठी रियासत' त्या नोकरीतच लिहावयास घेतली. त्याच बडोद्यात 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि फिरत्या पेट्या यांचे जाळे विणले. 1912 पासून तेथून निघालेले 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. ग्रंथालय ही प्रजेची वस्तू आहे, दाखला दाखवून आत जाण्याची नव्हे, ही त्यामागची धारणा होती. शंभर वर्षांनी आपण परवलीच्या शब्दाकडे आलो आहोत.

किमतीच्या मापाविषयीही काही बोलणे आवश्यक आहे, कारण ते दिसते तितके निर्लेप नाही. ग्रंथालये हल्ली 'दर वापरामागचा खर्च' काढतात. वर्षाची किंमत भागिले लेख किती वेळा उघडले गेले, ही संख्या. वापर मोजण्याची 'काउंटर' नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत 2003 पासून चालू आहे आणि इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांचे आकडे तिच्यामुळे आयते मिळतात. कागदी अंकाचा वापर मात्र कोण मोजणार? वाचनकक्षात उभ्याने चाळलेला अंक कोणत्याच वहीत चढत नाही. मग समितीपुढे तक्ता येतो तेव्हा एका स्तंभात हजारोंचे आकडे असतात आणि दुसऱ्या स्तंभात शून्य किंवा रेघ. रेघेचा अर्थ 'मोजले नाही' असा असतो. समिती तो 'वाचले नाही' असा लावते, आणि कात्री चालते.

ही कात्री सर्वप्रथम चालते ती देशी भाषांतील नियतकालिकांवर. त्यांची वर्गणी मुळात इतकी थोडी की ती बंद करून ग्रंथालयाची काही बचत होत नाही. परंतु 'यापुढे सर्व नियतकालिके इलेक्ट्रॉनिक रूपातच' असा एकच नियम केला की, ज्यांची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती नाही ती आपोआप यादीबाहेर जातात. त्यांना कोणी विरोध केलेला नसतो, त्यांच्यावर टीका झालेली नसते. केवळ तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो. इंग्रजी विज्ञान-नियतकालिकाचे एका ग्रंथालयाने काही केले तरी त्याच्या प्रती जगभर शाबूत राहतात. वाईचे 'नवभारत', मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन', हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचे 'पंचधारा' यांसारख्या नियतकालिकांचा संच दहा-वीस ग्रंथालयांनी बंद केला, तर पुढच्या पिढीला तो शोधत गावोगाव हिंडावे लागेल. ज्या वस्तूच्या प्रती कमी, तिचे एका प्रतीचे मोल अधिक. हे साधे गणित दर वापरामागच्या खर्चात कोठेच बसत नाही.

याची झळ आपण सोसलेली आहे. 'विविधज्ञानविस्तार' 1867 पासून 1937 पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे चालले. मराठी समीक्षेचा, संशोधनाचा आणि वादांचा केवढा ऐवज त्यात आहे! 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडले. या नियतकालिकांचे प्रकाशन केव्हाच थांबले. ती आज वाचता येतात याचे श्रेय ज्या वाचनालयांनी वर्गणी भरून अंक बांधून ठेवले त्यांचे आहे. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीसारखे आणि त्यांच्या नावाच्या सूची मंडळाने केलेल्या नियतकालिकांच्या सूचीसारखे काम होऊ शकले, कारण कपाटांत वस्तू होत्या. सूचीकाराला आधी फडताळ लागते. 1848 सालचे बेळगावचे सार्वजनिक वाचनालय किंवा 1832 पासूनचा वारसा सांगणारे पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय यांची थोरवी त्यांच्या वास्तूत जितकी आहे तितकीच या न टाकलेल्या अंकांत आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, आम्ही कागदाची भलावण करीत आहोत. तसे नाही. कागद अमर नसतो. विसाव्या शतकातील आम्लयुक्त कागदाचे अंक हात लावताच तुटतात. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेल्या हल्ल्यात काही तासांत काय काय नासले, हे मराठी माणूस विसरलेला नाही. एकच प्रत एकाच जागी ठेवणे हे कोणत्याही काळात धोक्याचेच.

पण हाच न्याय पडद्यालाही लागू होतो. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकव्यवस्थेवर हल्ला झाला आणि तिची सूचीच लोकांना दिसेनाशी झाली. ती मर्यादित रूपात परत येण्यास जानेवारी 2024 उजाडला. इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असलेली 170 हून अधिक संशोधन-नियतकालिके 2000 ते 2019 या काळात समूळ नाहीशी झाल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यांची कोठेही राखीव प्रत नव्हती. संस्थेने पैसे भरणे थांबवले किंवा संपादक बदलले, आणि पाने गेली. यावर उपाय आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1999 च्या सुमारास 'लॉक्स' नावाची योजना सुरू झाली. पुष्कळ प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते, हेच तिच्या नावात गोवलेले सूत्र. अनेक ग्रंथालये आपापल्या संगणकांवर प्रती ठेवतात आणि एकीची प्रत बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त करतात. आपल्याकडे पोथ्यांच्या नकला गावोगाव करून ठेवीत, त्यामागचे शहाणपण याहून वेगळे नव्हते. 2005 पासून 'पोर्टिको' ही संस्था प्रकाशकांच्या मजकुराची राखण करते. आपल्या यादीतील कोणती नियतकालिके अशा राखणीत आहेत हे ग्रंथालयाला प्रकाशकाकडे विचारता येते. ते विचारल्याखेरीज कागदी वर्गणी बंद करणे म्हणजे कुलूप न पाहता घर सोडणे होय.

मग निवड कशी करावी? सर्वांना एकच नियम लावण्याची घाई सोडावी, हे आमचे पहिले सांगणे. प्रत्येक नियतकालिकाला चार प्रश्न विचारावेत. याचे वाचन ताज्या माहितीसाठी होते की पुनःपुन्हा परतून पाहण्यासाठी? वर्गणी थांबल्यावर भरलेल्या वर्षांचे अंक आपल्यापाशी राहतील का? आपल्याखेरीज आणखी कोण हे जपत आहे? आणि आपल्या दाराशी येणाऱ्या वाचकांपैकी कोण यातून वगळला जाईल?

या प्रश्नांची उत्तरे घेतली की यादी आपोआप वेगळी पडते. वैद्यक, रसायन, अभियांत्रिकी यांची परदेशी नियतकालिके पडद्यावर घ्यावीत; त्यांचा वाचक संस्थेतलाच असतो, त्याला शोधाची सोय हवी असते आणि त्यांच्या प्रती जगात पुष्कळ असतात. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' सारखे साप्ताहिक, जे प्राध्यापकही वाचतो आणि बाहेरचा जिज्ञासूही, ते शक्य तेथे दोन्ही रूपांत असावे. निदान शहरातील एका ग्रंथालयात तरी त्याचा कागदी संच अखंड राहावा. मराठी आणि इतर देशी भाषांतील नियतकालिके कागदावर घ्यावीत आणि त्यांचा अंकीय संच मिळाला तर तो जोडीला ठेवावा, बदली म्हणून नव्हे. त्यांच्या वर्गणीसाठी अंदाजपत्रकात निराळी बाब असावी, म्हणजे मोठ्या प्रकाशकाने भाव वाढवला की लहानांचा बळी जाणार नाही.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. तरी एक गोष्ट नोंदवतो. ग्रंथालयांकडे ग्रंथ पाठवण्यासंबंधीचा आपला केंद्रीय कायदा 1954 चा, त्यात वृत्तपत्रांची भर 1956 ची. तो छापील वस्तू डोळ्यांपुढे ठेवून झाला. ब्रिटनने 2013 पासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांनाही अशा तरतुदीखाली आणले. केवळ संगणकावर निघणाऱ्या भारतीय भाषांतील नियतकालिकांची संख्या वाढत असताना त्यांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचावी, यासाठी आपल्याकडेही स्पष्ट व्यवस्था हवी.

पण आपल्या हाती जे आहे ते आपण आधी करावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि गोवा येथील मराठी वाचनालयांत कोणत्या नियतकालिकांचे कोणते खंड आहेत याची एक संयुक्त यादी आज आपल्यापाशी असायला हवी. ती करण्यास पैसा फारसा लागत नाही. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन जाणत्या सभासदांनी काही रविवार कपाटांपुढे बसावे लागेल. नियतकालिकाचे नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, मधले कोणते अंक गहाळ, कागदाची स्थिती कशी, एवढ्या चार गोष्टी टिपल्या तरी पुरे. मग एकाकडे नसलेला खंड दुसऱ्याकडे सापडेल, कोणता संच आधी स्कॅन करावा हे ठरवता येईल, आणि जागेच्या अभावी काही टाकण्याची पाळी आली तर आपण देशातली शेवटची प्रत टाकत नाही ना, हे निदान तपासता येईल. चालू मराठी नियतकालिकांची वर्गणीही केंद्रांनी आपसांत वाटून घेता येईल. चार नियतकालिकांची जबाबदारी इंदूरने घ्यावी, चारांची हैदराबादने. मात्र घेतलेला संच अखंड ठेवण्याचे बंधन प्रत्येकाने पाळावे. मोठ्या विद्यापीठांचा खरेदीसंघ असतो. आपला जपणूकसंघ असावा.

आपल्या पूर्वजांनी परप्रांतात घरे बांधली तेव्हा देवघर आणि वाचनालय या दोन्हींची सोय त्यांनी पाहिली, असे आपण अभिमानाने सांगतो. वाचनालयात त्यांनी जी वर्गणी भरली ती आपल्यासाठीही होती. म्हणूनच त्यांच्या काळातील अंक आपण आज उघडून पाहू शकतो. आपण भरत असलेल्या वर्गणीतून नातवंडांच्या हाती काय येणार आहे, हा प्रश्न यंदाच्या अंदाजपत्रकाच्या सभेत आपापल्या कार्यकारिणीला विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे, एवढी आमची वाचकांना विनंती आहे.